एप्सन एलएक्स-८०० वर वर्डस्टार ३.३ मधली जुनी पुस्तिका छापताना प्रत्येक पान एक इंच वर सरकते

कोयनाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. माझे काका कराडमध्ये अनेक वर्षे टायपिंग इन्स्टिट्यूट चालवत असत. १९९० च्या सुमारास त्यांनी एक संगणक आणि एप्सन कंपनीचा एलएक्स-८०० हा डॉट मॅट्रिक्स, म्हणजे पिनांच्या ठोक्यांनी ठिपके उमटवून छापणारा, प्रिंटर घेतला आणि इंग्रजी अर्ज, पत्रे, नोटिसा यांच्या नमुन्यांची एक पुस्तिका वर्डस्टार या मजकूर लिहिण्याच्या प्रोग्रॅममध्ये स्वतः टंकलिखित केली. विद्यार्थ्यांना ती छापून, टाचून दिली जात असे. आता काका ८१ वर्षांचे आहेत, त्यांच्याकडे पुस्तिकेची अर्धीमुर्धी फाटलेली एकच प्रत उरली आहे, आणि ती पुन्हा त्याच प्रिंटरवर, त्याच कागदावर छापलेली पाहावी अशी त्यांची मनापासून इच्छा आहे.

जुन्या संगणकाची हार्ड डिस्क आणि वर्डस्टारची मूळ फ्लॉपी या दोन्ही निकामी झाल्या आहेत. पुस्तिकेच्या फायली असलेल्या सव्वापाच इंची फ्लॉपी मात्र सुदैवाने वाचता आल्या. एका परिचितांकडून एक चालू ४८६ संगणक आणि वर्डस्टार ३.३ ची दुसरी प्रत मिळाली. प्रिंटर चालू होतो, नवी रिबन घातली आहे, आणि कागद स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा १० बाय १२ इंचांचा एकपदरी सलग कागद आहे.

अडचणी अशा. वर्डस्टारमधून छपाई केली की पहिले पान नीट येते, पण दुसऱ्या पानाचा मजकूर पहिल्या कागदाच्या तळाशी, फाडायच्या रेषेच्या साधारण एक इंच आधीच सुरू होतो. तिसरे पान दोन इंच आधी, चौथे तीन इंच आधी, असे ते वर वर सरकत जाते. गंमत म्हणजे तेरावे पान पुन्हा अगदी बरोबर कागदाच्या डोक्यावर येते आणि तिथून सगळे नव्याने सुरू होते.

वर्डस्टार बाजूला ठेवून डॉस या संगणकाच्या जुन्या कार्यप्रणालीतल्या कॉपी आज्ञेने फाइल थेट प्रिंटरकडे पाठवून पाहिली, तर प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर तिरपे आले. त्याशिवाय एका पत्रात रुपयांची रक्कम आली, आणि तिच्यापासून पुढचा सगळा मजकूर एकदम बारीक अक्षरांत छापला गेला. प्रिंटर बिघडला आहे, की फायली खराब झाल्या आहेत? काकांना आता नजरेच्या त्रासामुळे पडद्यावरचे वाचता येत नाही, त्यामुळे मलाच हे समजून घ्यावे लागणार आहे.

—

मेकॅनिक_सांगली यांचे उत्तर

ताई, कागद सरकण्याचे पहिले कारण नेहमी यांत्रिक असते, म्हणून तिथून सुरुवात करावी. प्रिंटरच्या बाजूला कागद सोडण्याचा एक खटका असतो. सुटा कागद रबरी रुळात दाबून धरायचा असेल तर तो एका बाजूला, आणि कडेला भोके असलेला सलग कागद ट्रॅक्टरच्या, म्हणजे कागद ओढणाऱ्या दातेरी पट्ट्यांच्या, दात्यांवर चालवायचा असेल तर दुसऱ्या बाजूला ठेवावा लागतो. ट्रॅक्टरवर कागद चढवला आणि खटका मात्र दाबाच्या बाजूला राहिला, तर रूळ आणि दाते एकाच वेळी कागद ओढतात, भोके फाटतात आणि कागद हळूहळू जागा सोडतो. प्रिंटर चालू असताना कडेची गोल मूठ हाताने फिरवून कागद जुळवण्याची सवय अनेकांना असते, तीही सोडावी. त्यामुळे प्रिंटरच्या मनातला पानाचा माथा आणि प्रत्यक्ष कागदाचा माथा यांची फारकत होते, आणि गिअरवर ताण येतो तो वेगळाच.

एवढे पाहूनही फरक पडला नाही, तर छपाईच्या वेळी वर्डस्टार जे प्रश्न विचारते त्यांत फॉर्म फीड वापरायचे का, असा एक प्रश्न असतो. त्याला होकार द्या. मग पान संपल्यावर ओळी मोजत बसण्याऐवजी वर्डस्टार प्रिंटरला पुढच्या कागदाच्या माथ्यावर जाण्याची एकच आज्ञा देईल.

रिबनविषयी एक विनंती आहे. ती फिकी झाली की काही जण तिच्यावर शिक्क्याच्या पॅडची शाई टाकतात. त्या शाईत पिना सरकत ठेवणारे वंगण नसते, आणि एकदा पीन अडकली की पुष्कळदा छपाईचे हेडच बदलावे लागते.

—

आठवा_बिट यांचे उत्तर

वरच्या उत्तरातली यांत्रिक पथ्ये योग्यच आहेत आणि ती पाळावीत. पण आपल्या प्रश्नातच एक असा तपशील आहे, ज्यावरून मूळ कारण निश्चित सांगता येते. कागद घसरत असता तर सरक अनियमित असती. कधी पाऊण इंच, कधी सव्वा. आपली सरक दर पानाला बरोबर एक इंच आहे आणि तेराव्या पानाला सगळे पुन्हा जुळते. याचा अर्थ वर्डस्टार ११ इंचांचे पान छापते आहे आणि आपला कागद १२ इंचांचा आहे. ११ इंचांची १२ पाने म्हणजे १३२ इंच, आणि १२ इंचांचे ११ कागद म्हणजेही १३२ इंचच. म्हणून तेरावे पान बाराव्या कागदाच्या माथ्यावर येऊन बसते. प्रिंटर निर्दोष आहे, फायलीही निर्दोष आहेत. पान किती लांब याविषयी दोघांचे मत जुळत नाही, इतकेच.

वर्डस्टार अमेरिकेत मायक्रोप्रो कंपनीने तयार केले आणि तिथला सलग कागद ११ इंची असे. एका इंचात ६ ओळी या हिशेबाने पानाची लांबी ६६ ओळी धरलेली असते. आपल्याकडे मात्र १० बाय १२ आणि १५ बाय १२ हीच मापे रूढ झाली, म्हणजे पानाला ७२ ओळी हव्यात. ही लांबी सांगण्यासाठी वर्डस्टारमध्ये ठिपक्याची आज्ञा असते. फायलीच्या अगदी पहिल्या ओळीत, पहिल्याच रकान्यात ठिपका, त्याला जोडून पी आणि एल ही इंग्रजी अक्षरे, मग एक मोकळी जागा आणि ७२ हा आकडा, असे लिहावे. ही ओळ छापली जात नाही. ती मजकुराच्या आधीच असायला हवी, नाहीतर पहिले पान जुन्या हिशेबानेच मोजले जाईल.

मात्र असे करण्यापूर्वी एक गोष्ट तपासावी लागेल, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. वर्डस्टार ६६ ओळींपैकी वरच्या समासासाठी ३ आणि खालच्या समासासाठी ८ ओळी राखते, म्हणजे मजकुराला ५५ ओळी उरतात. पानाची लांबी ७२ केली आणि समास तेच ठेवले, तर मजकुराला ६१ ओळी मिळतील आणि प्रत्येक पान वेगळ्या ठिकाणी तुटेल. पुस्तिकेला अनुक्रमणिका असेल तर तिच्यातले आकडे या दोहोंपैकी एकाच मांडणीशी जुळतील. म्हणून काकांकडच्या जुन्या प्रतीतले एक पूर्ण भरलेले पान घ्या आणि पृष्ठक्रमांक वगळून मजकुराच्या ओळी मोजा. त्या ६१ भरल्या तर नुसती लांबी बदलणे पुरेसे आहे. ५५ भरल्या तर लांबी ७२ करून वरचा समास ६ आणि खालचा ११ ओळींचा करावा लागेल. याच कारणासाठी फॉर्म फीडचा उपाय मी लगेच सुचवणार नाही. प्रिंटर १२ इंची कागदासाठी लावलेला असेल तर त्याने सरक थांबेल हे खरे, पण पाने ५५ ओळींवरच तुटत राहतील, आणि मूळ पुस्तिका तशी नसेल तर ती चूक सुबक छपाईखाली झाकली जाईल.

आता तिरप्या अक्षरांविषयी. फायलीत प्रत्येक अक्षर एका बाइटमध्ये, म्हणजे शून्य किंवा एक अशा आठ बिटांत, साठवले जाते. वर्डस्टारच्या त्या काळातल्या आवृत्त्या शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ठेवत, म्हणजे दोन्ही कडा सारख्या करताना शब्द कुठे संपतो ते प्रोग्रॅमला ओळखता येई. इंग्रजी अक्षरांना सात बिट पुरतात, आठवा रिकामाच असे, म्हणून त्यांनी तो आपल्या कामाला लावला. इकडे एप्सनच्या प्रिंटरमध्ये अक्षरांचे दोन तक्ते असतात. त्यांपैकी एका तक्त्यात १२८ च्या वरच्या जागांवर तीच अक्षरे तिरप्या वळणाने बसवलेली असतात. वर्डस्टारमधून छापताना तो बिट काढून अक्षर पाठवले जाते. आपण फाइल जशीच्या तशी पाठवली, म्हणून प्रिंटरने प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर प्रामाणिकपणे तिरपे काढले.

रकमेपासून अक्षरे बारीक होण्याचे कारणही असेच आहे, आणि त्यात काकांची टंकलेखनातली शिस्त दिसते. रुपये हा शब्द एका ओळीत आणि आकडा पुढच्या ओळीत असे तुटू नये म्हणून वर्डस्टारमध्ये एक न तुटणारी मोकळी जागा देता येते. कंट्रोल धरून पी आणि मग ओ दाबले की ती उमटते, आणि फायलीत तिचा संकेतांक १५ असतो. एप्सनच्या भाषेत १५ म्हणजे दाट, बारीक अक्षरे सुरू करण्याची आज्ञा. ती १८ हा संकेत मिळेपर्यंत किंवा प्रिंटर बंद होईपर्यंत चालू राहते. काकांनी जपून ठेवलेली जागा प्रिंटरने आज्ञा समजून पाळली. तेव्हा कॉपी आज्ञेने दस्तऐवज कधीही छापू नका, आणि दोन प्रयोगांच्या मध्ये प्रिंटर एकदा बंद करून पुन्हा चालू करत जा, म्हणजे आधीच्या प्रयोगाचे अवशेष पुढच्यात येणार नाहीत.

सगळे बदल फायलींच्या प्रतींवर करा. मूळ फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर लेखनबंदीची चिकटपट्टी लावून ती बाजूला ठेवा.

—

कोयनाकाठ

आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. मी जुन्या प्रतीतली तीन पाने मोजली आणि तिन्हींवर ६१ ओळीच भरल्या. आणखी एक गोष्ट जुळली. पुस्तिकेतला मजकूर एकापाठोपाठ एक सलग आहे, प्रत्येक पत्र नव्या पानावर सुरू होत नाही. अनुक्रमणिकेप्रमाणे पुस्तिका ९६ व्या पानावर संपते, आणि माझ्या छपाईत ती १०६ व्या पानावर संपत होती. काकांना विचारल्यावर त्यांना आठवले, की संगणक बसवायला आलेल्या तंत्रज्ञाने त्यांच्या वर्डस्टारमध्येच कागदाची लांबी कायमची बदलून दिली होती, त्यामुळे फायलींत ती लिहिण्याची त्यांना कधी गरजच पडली नाही.

आज्ञा लिहून पहिली चार पाने छापली आणि ती कागदावर अगदी बरोबर बसली. त्यानंतर मात्र मी एक चूक केली. प्रिंटरलाही १२ इंची कागद सांगावा, म्हणून मी मागचे छोटे स्विच हलवले. आता प्रत्येक ओळीनंतर एक ओळ मोकळी सुटते, एक पान दोन कागदांहूनही थोडे अधिक लांबते, आणि सर्वांत विचित्र म्हणजे जी शीर्षके ठळक असायला हवीत ती एकदा साध्या अक्षरांत येतात आणि त्यांच्याच खालच्या ओळीत पुन्हा एकदा छापली जातात. कोणता स्विच हलला, ते मी लिहून ठेवले नव्हते.

—

आठवा_बिट

९६ पानांना प्रत्येकी ६१ ओळी म्हणजे ५,८५६, आणि १०६ पानांना ५५ ओळी म्हणजे ५,८३०. शेवटचे पान अपुरे असते हे धरले तर दोन्ही हिशेब एकच पुस्तिका सांगतात. मांडणीबद्दल आता शंका उरत नाही.

आपल्याकडून हललेला स्विच बहुधा दुसऱ्या संचातला चौथा आहे. तो चालू असला की ओळीच्या आरंभी परतण्याची आज्ञा मिळताच प्रिंटर आपणहून कागद एक ओळ पुढेही सरकवतो. काही संगणक केवळ परतण्याची आज्ञा पाठवत, त्यांच्यासाठी ती सोय केलेली आहे. वर्डस्टार परतणे आणि ओळ सरकवणे या दोन्ही आज्ञा पाठवते, म्हणून ओळ दोनदा सरकते.

ठळक शीर्षकांचा उलगडाही यातच आहे. नेमका प्रिंटर माहीत नसेल तर वर्डस्टार ठळक अक्षरांसाठी सर्वांत साधी युक्ती वापरते. ओळ छापायची, कागद न सरकवता डावीकडे परतायचे, आणि ठळक शब्द त्याच जागी पुन्हा ठोकायचे. हातटंकयंत्रावर काकांनी हेच केले असेल. स्विच चालू असल्यामुळे परतताना कागद सरकला आणि दुसरा ठोका खालच्या ओळीत पडला. तो स्विच बंद करा. स्विचची स्थिती प्रिंटर फक्त चालू होताना वाचतो, म्हणून वीज बंद करूनच ते हलवावेत.

त्याच संचात कागदाची लांबी ११ की १२ इंच हे ठरवणारा एक स्विच आहे, आणि फाडायच्या रेषेवर छपाई होऊ नये म्हणून एक इंच आपोआप ओलांडणारा दुसरा. लांबी १२ इंच ठेवावी, आणि ओलांडणारा स्विच मात्र बंदच हवा. वर्डस्टार समासाच्या ओळी स्वतः मोजते; प्रिंटरनेही आपल्या हिशेबाने एक इंच उडी मारली, तर आपण नुकतीच घालवलेली सरक उलट दिशेने परत येईल. प्रिंटरबरोबरच्या पुस्तिकेत स्विचांचा तक्ता असतो, तो समोर ठेवूनच हात लावा आणि एका वेळी एकच स्विच बदला.

यापुढे अशी शंका आली, तर संगणकाला दोष देण्याआधी प्रिंटरची साक्ष घ्यावी. ओळ सरकवण्याचे बटण दाबून धरून प्रिंटर चालू केला की तो स्वतःची अक्षरे छापून दाखवतो; त्यात संगणकाचा काहीच संबंध नसतो. ओळीचे आणि पानाचे अशी दोन्ही बटणे एकत्र दाबून चालू केला, तर जे येईल ते आज्ञा म्हणून न पाळता तो प्रत्येक बाइटचा षोडशमान आकडा छापतो. ओळीच्या शेवटी शून्य-डी आणि त्यापाठोपाठ शून्य-ए दिसले, की संगणक दोन्ही आज्ञा पाठवतो आहे हे कागदावर सिद्ध होते. दुरुस्तीच्या दुकानांत तासन्‌तास चाललेले वाद या एका कागदाने मिटताना मी पाहिले आहेत.

ठळकपणासाठी कायमचा उपाय म्हणजे वर्डस्टारच्या मांडणीच्या प्रोग्रॅममध्ये, म्हणजे विन्स्टॉलमध्ये, प्रिंटर निवडणे. ३.३ ही आवृत्ती १९८३ ची आहे आणि एलएक्स-८०० त्यानंतरचा, म्हणून यादीत त्याचे नाव सापडणार नाही. एप्सनच्या एमएक्स किंवा एफएक्स मालिकेतले नाव दिसले तर ते निवडा. १९८० मध्ये आलेल्या एमएक्स-८० पासून एप्सनने आज्ञांची जी भाषा रूढ केली तीच पुढच्या प्रिंटरांनी वाढवली, त्यामुळे ठळक आणि अधोरेखित अक्षरे बिनतक्रार चालतील. असे नाव नसेल तर साधा प्रिंटर निवडूनही काम भागते.

सुबक अक्षरांसाठी मात्र हाताने आज्ञा भराव्या लागतील. विन्स्टॉलमध्ये वापरणाऱ्याने ठरवायच्या चार आज्ञांना जागा असते, आणि मजकुरात कंट्रोल-पी नंतर क्यू, डब्ल्यू, ई किंवा आर दाबून त्या बोलावता येतात. क्यू साठी २७, १२० आणि १ हे आकडे भरा. त्याने प्रिंटर प्रत्येक ओळ दोन फेऱ्यांत, मधे कागद किंचित सरकवून छापतो आणि ठिपके एकमेकांत मिसळून अक्षर जवळजवळ टंकयंत्रासारखे दिसते. डब्ल्यू साठी २७, १२० आणि ० भरल्यावर तो पुन्हा जलद छपाईवर येतो. ई साठी नुसते १५ आणि आर साठी नुसते १८, म्हणजे तक्ते छापताना बारीक अक्षरे हवी तेव्हा चालू-बंद होतील. तिथेच छपाईच्या आरंभी पाठवायच्या संकेतांसाठीही जागा असते. तीत २७, ६४ भरून प्रिंटर पूर्वस्थितीवर आणा आणि लगेच २७, ६७, ७२ भरून पानाला ७२ ओळी सांगा. त्यानंतर लांबीचा स्विच कोणीही हलवला तरी पानाची लांबी बिघडणार नाही.

—

टंकशाळा यांचे उत्तर

ज्यांच्याकडे पॅरलल पोर्टचा, म्हणजे प्रिंटर जोडायच्या जुन्या जोडणीचा, संगणक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात लिहितो. ६४ बिटी विंडोजवर डॉसचे प्रोग्रॅम थेट चालत नाहीत. ते चालवण्यासाठी डॉसबॉक्स हा प्रोग्रॅम वापरतात, पण मूळ डॉसबॉक्स प्रिंटरचा पोर्ट पुरवत नाही. त्याचीच वाढवलेली आवृत्ती डॉसबॉक्स-एक्स मात्र पुरवते, आणि त्यात पोर्टवर गेलेले सर्व बाइट एका फायलीत साठवता येतात. वर्डस्टार ३.३ स्वतःही छपाई डिस्कवरील फायलीत करू का, असे विचारते. ती फाइल विंडोजमधून कॉपी आज्ञेला तिरपी रेघ आणि बी जोडून, प्रिंटर सामायिक करून त्याच्या नावावर पाठवावी. बी विसरलात तर २६ हा संकेत येताच फाइल संपली असे समजून छपाई मध्येच थांबू शकते. यूएसबीची पॅरलल केबल विंडोजला प्रिंटर म्हणून दिसते, जुन्या पोर्टसारखी नाही, म्हणून तिच्यावर निव्वळ मजकुराचा चालक (ड्रायव्हर) बसवावा. लिनक्सवर एलपी आज्ञेला रॉ हा पर्याय दिला की पुरते.

आठव्या बिटावरून एक सावधगिरीची सूचना करावीशी वाटते. वर्डस्टारच्या फायली आजच्या संगणकावर वाचण्यासाठी सगळ्या बाइटांचा आठवा बिट काढून टाकणारे छोटे प्रोग्रॅम सुचवले जातात, आणि निव्वळ इंग्रजी मजकुरासाठी ते ठीकच आहेत. पण टायपिंग इन्स्टिट्यूटच्या फ्लॉपी असतील तर त्यांत मराठी फायलीही असू शकतात. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेने तयार केलेले जिस्ट कार्ड संगणकात बसवले की वर्डस्टारसारख्या डॉसच्या प्रोग्रॅममध्ये देवनागरी दिसू लागे. त्या मजकुराचे संकेत इस्की या भारतीय लिपींसाठीच्या पद्धतीचे असतात. ती पद्धत पुढे १९९१ मध्ये भारतीय मानक म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात इंग्रजी अक्षरे खालच्या १२८ जागांवर आणि भारतीय लिपींची अक्षरे वरच्या जागांवर आहेत. म्हणजे इंग्रजी फायलीत जो बिट निव्वळ खूण आहे, तोच मराठी फायलीत अक्षराचा प्राण आहे. तो काढला तर मराठी मजकूर इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक ओळींत बदलतो, आणि मूळ फाइल जपली नसेल तर परतीचा मार्ग राहत नाही. वर्डस्टारही दस्तऐवजाच्या पद्धतीत हाच बिट स्वतःसाठी वापरत असल्यामुळे अशा फायली उघडायच्याच असतील तर बिगर-दस्तऐवज पद्धतीत उघडाव्यात आणि जतन न करता बाहेर यावे.

त्या फायली एलएक्स-८०० कडे तशाच पाठवूनही मराठी उमटणार नाही. या प्रिंटरच्या स्मृतीत देवनागरी अक्षरे नाहीत. अक्षराचे चित्र ठिपक्यांच्या उभ्या स्तंभांत पाडून ते चित्रे छापण्याच्या (ग्राफिक्सच्या) आज्ञांनी पाठवावे लागते. अशा छपाईत एका फेरीत ८ पिना वापरल्या जातात आणि दोन पिनांमधले अंतर एक इंचाचा ७२ वा भाग असते. वर वेलांटी, मधे शिरोरेघेसह अक्षर आणि खाली उकार एवढा डोलारा ८ ठिपक्यांत नीट मावत नाही, म्हणून एकाच ओळीसाठी हेडला दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात, आणि प्रत्येक फेरीनंतर कागद बरोबर ८ ठिपके सरकला नाही तर अक्षरांतून पांढरी रेघ जाते. त्या वेळची मराठी छपाई इतकी संथ का असे, ते यावरून ध्यानात येईल.

—

कोयनाकाठ

चौथा स्विच बंद केला आणि ओळी जागेवर आल्या. विन्स्टॉलच्या यादीतून एफएक्स मालिकेतला प्रिंटर निवडला, आपण सांगितलेले आकडे भरले, आणि पहिल्या पानावर कंट्रोल-पी आणि क्यू ही खूण घातली. शीर्षके आता खरोखर ठळक येतात. काल दुपारी पूर्ण पुस्तिका छापली. सुबक छपाई पुष्कळच सावकाश होते, त्यामुळे मध्ये दोनदा थांबून हेड निवू दिले. शेवटचे पत्र ९६ व्या पानावर संपले. काकांनी अनुक्रमणिकेतले कोणतेही आकडे सांगायचे आणि मी ते पान उघडून वाचायचे, अशी आम्ही बारा-तेरा ठिकाणी तपासणी केली आणि प्रत्येक पत्र आपल्या पानावर सापडले. त्यांना पडद्यावरचे दिसत नाही, पण प्रिंटरच्या आवाजावरून ओळ एकदा छापली जाते आहे की दोनदा, हे ते दुसऱ्या खोलीतून सांगत होते.

फ्लॉपींमध्ये चार फायली अशा निघाल्या, ज्या उघडल्यावर काहीच वाचता येत नाही. त्यांतल्या एकीच्या नावावरून ती मराठी प्रस्तावना असावी असे काकांचे म्हणणे आहे. मी तिला अजून हात लावलेला नाही.

—

आठवा_बिट

काकांना माझा नमस्कार सांगा. त्या चार फायलींची प्रत आधी दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. मग बाइट दाखवणाऱ्या एखाद्या प्रोग्रॅममध्ये एक फाइल उघडून नुसती पाहा. मजकुराचे बहुतेक बाइट १६१ ते २५० यांच्या दरम्यान असतील, तर ती इस्की समजायला हरकत नाही, आणि इस्कीवरून युनिकोड या आजच्या पद्धतीत नेणे हे बहुतांशी अक्षरास अक्षर बदलण्याचे काम आहे. त्यांतले पहिले शंभरेक आकडे इथे लिहिलेत, तर प्रस्तावनेची सुरुवात आपण एकत्र वाचू.

विन्स्टॉलने बदललेल्या वर्डस्टारच्या डिस्कचीही एक प्रत आजच करून घ्या, आणि स्विचांची आत्ताची स्थिती कागदावर लिहून तो कागद प्रिंटरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. मागच्या वेळी काकांची सगळी मांडणी प्रोग्रॅमच्या एकाच प्रतीत होती, आणि ती फ्लॉपी गेली तेव्हा ७२ हा आकडाही तिच्याबरोबरच गेला.